ताक बी फुंकून पितो

आमच्या घरात मला संशयी म्हणतात. म्हणू द्या. पस्तीस वर्षं मी हुमनाबादला एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात आणि त्यांच्या वजनकाट्यावर नोकरी केली. त्या जागी लोकांवर विश्वास ठेवणारा माणूस आठ दिवस टिकला असता तर शप्पथ! भरल्या गाडीचं वजन करताना ड्रायव्हर, क्लीनर आणि पाण्याचं भरलेलं पिंप, सगळे काट्यावर. रिकाम्या गाडीच्या वेळी ड्रायव्हर ढाब्यावर, क्लीनर झाडामागं आणि पिंपाचा पत्ताच नाही. म्हणजे माणसाचं नि पाण्याचं वजन तुरीच्या भावानं विकायचं. असले प्रकार रोज बघितल्यावर माणूस संशयी होणार नाही तर काय साधू होणार?

पोती मोजायची माझी एक रीत होती. समोर उभं राहून मोजलं की हमाल बोलण्यात गुंतवतात आणि आकडा चुकवतात. म्हणून मी त्यांच्याकडं पाठ करून बसायचो आणि कानानं मोजायचो. पोतं पडलं की धप्प. धप्प एक, धप्प दोन. दीडशे पोत्यांत एकाचाही फरक यायचा नाही. फक्त एक हमाल होता, मोठा बिलंदर. गाडी भरताना एखादं जादा पोतं तो लेकरू निजवल्यासारखं अलगद ठेवायचा. आवाजच नाही. तेवढं एक माझ्या कानातून निसटायचं. त्याला पकडायला मला दोन वर्षं लागली. ही गोष्ट मी घरी इतक्या वेळा सांगितली आहे की आता मी तोंड उघडायच्या आधी बायकोच ‘धप्प’ म्हणते.

बायको सरकारी कन्नड शाळेत शिक्षिका होती, माझ्यानंतर वर्षभरानं निवृत्त झाली. तिचं माहेर करजगी. घरात मराठी, पण शिक्षण सगळं कन्नडमधून. मी राजेश्वरचा, मराठी शाळेत शिकलेला, पुढं उदगीरला कॉलेज. आमचं लग्न झालं तेव्हा लोक म्हणाले, भाषा एकच, काय अडचण नाही. अडचण आली ती लेकीच्या नावात. तिच्या नावात एक ‘त’ आहे. दवाखान्याच्या फॉर्मवर मी तो इंग्रजीत टी लिहिला. शाळेत नाव हिनं घातलं, तिथं टीएच. इकडं कर्नाटकात ‘त’ला टीएच लिहितात, नुसता टी म्हणजे ‘ट’. मी म्हणालो, सगळा महाराष्ट्र टी लिहितो. ही म्हणाली, मग महाराष्ट्रात जावा. पुढं पासपोर्टच्या वेळी ‘या दोघी मुली एकच आहेत’ असं स्टँपपेपरवर लिहून द्यावं लागलं आणि त्या दिवशीसुद्धा आम्ही नोटरीच्या दारात भांडलो.

मी निवृत्त झाल्यावर लेकीनं पुण्याहून कॉम्प्युटर पाठवला. मी शिकलो. लाइट बिल, गॅस, शेताचा उतारा, मेल, सगळं घरबसल्या. पण प्रत्येक ठिकाणी पासवर्ड! बरं, एकसारखा ठेवायचा नाही म्हणे. मी एक दोनशे पानी वही केली आणि तीत सगळे पासवर्ड लिहिले. आता वही चोराच्या हाती लागली तर? म्हणून प्रत्येक पासवर्डात मुद्दाम एक अक्षर खोटं घातलं. चोर बसला बोटं मोडत! मी फार खूश होतो. आठ महिन्यांनी माझं मलाच आठवेना की कुठलं अक्षर खोटं. लाइट बिलाच्या खात्यानं पाचव्या प्रयत्नाला मला बाहेर काढलं आणि कुलूप घातलं. बायको दारात उभी राहून बघत होती.

‘‘चोर बसलाय बघा बोटं मोडत,’’ ती म्हणाली.

लेकीला फोन केला. ती म्हणाली, ‘‘अप्पा, ती वही जाळून टाका. पासवर्ड मॅनेजर घ्या. एकच मोठा पासवर्ड ध्यानात ठेवायचा, बाकीचे सगळे ते सांभाळतंय.’’

‘‘म्हंजे सगळ्या किल्ल्या एका डब्यात?’’

‘‘व्हय.’’

‘‘आन् डबा कुणाचा?’’

लेक म्हणाली, अप्पा, मला मीटिंग हाय. लेकीला मीटिंग नेहमी अशाच वेळी असते.

मी शोध सुरू केला. पहिलं ॲप फुकट होतं. फुकट! आपल्याकडं फुकट ते पौष्टिक म्हणतात, पण मला विचाराल तर फुकट देणाऱ्याच्या घरचं पाणीसुद्धा गाळून प्यावं. माझ्या किल्ल्या सांभाळायला हा माणूस पगार देऊन लोक ठेवणार, मोठमोठी मशिनं चालवणार आणि माझ्याकडून काहीच घेणार नाही? मग खाणार काय, माती? ते काढून टाकलं. दुसरं दर वर्षाला पैसे मागणारं. किल्ल्या माझ्या, घर माझं, आणि भाडं मीच द्यायचं. शिवाय त्या किल्ल्या ठेवणार कुठं, तर ‘क्लाउड’मध्ये. ढगात! आमच्याकडं ढगाचा भरवसा जूनमध्येसुद्धा कुणी धरत नाही.

बाजारात कॉम्प्युटर दुरुस्तीचं एक दुकान आहे, तिथं जाऊन विचारलं. दुकानदार पन्नाशीचा, मला चच्चा म्हणतो. त्यानं तिसरं ॲप सांगितलं. ते आपल्याच कॉम्प्युटरवर राहतं, बाहेर कुठं जात नाही. मी त्याला विचारलं, हे बनवणाऱ्याला माझे पासवर्ड दिसत नाहीत कशावरून? तुला दिसत नाहीत कशावरून? तुला यात काय मिळतंय?

‘‘कायकू इत्ता शक करते चच्चा?’’ तो म्हणाला. ‘‘मेरेकू एक चाय भी नै मिलती इसमें.’’

ज्याला चहाही मिळत नाही तो एवढं कशाला समजावून सांगायलाय, हा संशय मला घरी येईपर्यंत पुरला.

पण त्या तिसऱ्या ॲपनं एका गोष्टीत मला जिंकलं. सुरुवातीलाच त्यानं इशारा दिला होता, की मुख्य पासवर्ड विसरलात तर आम्हीसुद्धा काही करू शकणार नाही, आमच्याकडं दुसरी किल्ली नाही. वा! मी मनात म्हणालो, हा गडी सरळ दिसतोय. गोड बोलत नाही. तरी मी लगेच खरे पासवर्ड दिले नाहीत. काट्यावर रोज सकाळी आधी वीस किलोचा बाट ठेवून बघायचो, काटा वीस दाखवतोय का. तसं या ॲपमध्ये आधी एका बंद पडलेल्या खात्याचा पासवर्ड ठेवला आणि आठ दिवस वाट बघितली, त्या खात्यात कोण शिरतंय का. कुणी शिरलं नाही. मग मी एकेक करून सगळं आत घातलं. माझी मेल, बिलं, उतारा. आणि हिची मेलसुद्धा.

हिच्या मेलचं सांगायला पाहिजे. ती निवृत्त झाली तेव्हा कुठल्याशा फॉर्मसाठी मेल आयडी लागला, तो मीच काढून दिला. पासवर्डही मीच ठेवला. तिच्याकडं फोन साधा, बटणाचा. चांगला फोन मीच घेऊ दिला नव्हता. आपणच दार उघडून चोराला पाट मांडून द्यायचा, असं माझं मत. तीनएक वेळा तिनं मेलचा पासवर्ड मागितला. मी म्हणालो, ‘‘तुला कशाला पायजे? काय आलं तर मी सांगतो की.’’ नंतर तिनं मागणं सोडलं आणि मी बघणं. ती मेल उघडायचंही माझ्या ध्यानात राहिलं नाही.

ॲपमध्ये प्रत्येक नोंदीखाली काहीबाही लिहायला जागा असते. मी तिथं इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचो. लाइट बिलाखाली लिहिलं, ‘दहा तारखेच्या आत’. हिच्या मेलखाली लिहिलं, ‘हिला सांगू नये. भोळी आहे, कुणालाही सांगून टाकेल.’ ते लिहिताना माझ्या मनात काही वाईट नव्हतं. पण ‘मनात वाईट नव्हतं’ असं काट्यावर सापडलेले ड्रायव्हरसुद्धा सांगायचे.

मुख्य पासवर्ड मी ठेवला ‘ताक बी फुंकून पितो’. सगळी इंग्रजी अक्षरं एकाला एक चिकटून. पंधरा होतात. तो मी कुणाला सांगितला नाही. लेकीलाही नाही आणि हिलाही नाही.

मागच्या हिवाळ्यात माझ्या पोटात दुखायला लागलं. पित्ताच्या पिशवीत खडे निघाले. कलबुर्गीच्या एका दवाखान्यात भरती झालो. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन ठरलं. त्याच्या आधी भूल देणारे डॉक्टर आले, मागं कधी ऑपरेशन झालं होतं का म्हणून विचारायला. झालं होतं, सोलापूरला, हर्नियाचं, बारा वर्षांपूर्वी. त्या वेळी कुठल्या तरी इंजेक्शनानं माझा श्वास कोंडला होता, अंगावर गांधी उठल्या होत्या. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

‘‘कुठलं इंजेक्शन?’’

मला नाव आठवेना. हिलाही आठवेना. सोलापूरच्या डिस्चार्ज कार्डावर लाल शाईनं लिहिलेलं होतं. डॉक्टर म्हणाले, ते कार्ड बघितल्याशिवाय मी हात लावणार नाही. आणि दुखणं तर असं की मला कूस बदलता येत नव्हती.

मूळ कार्ड मी इतकं जपून ठेवलं होतं की ते कुठं ठेवलं ते विसरलो होतो. पण त्याचा फोटो माझ्या मेलमध्ये होता. मेल फोनवर नव्हती, फोन चोरीला जातो म्हणून. मेलचा पासवर्ड ॲपमध्ये आणि ॲप फक्त घरच्या कॉम्प्युटरवर, हुमनाबादला. इतकी कुलपं मी स्वतःच्या हातानं घातली होती, आणि आता आत काय होतं, तर माझा जीव.

मेव्हणा करजगीहून आला होता, तो माझ्याजवळ बसला. ही बसनं हुमनाबादला जायला निघाली. निघताना पिशवी काखेत घेऊन खाटेजवळ उभी राहिली आणि माझ्याकडं बघत राहिली. तिला काय पाहिजे ते मला कळत होतं. तरी मला ते सांगायला अर्धं मिनिट लागलं. हे मी आज लाजून लिहितोय. पोटात कळा येत होत्या आणि मी बायकोला पासवर्ड सांगावा की नाही याचा विचार करत होतो.

‘‘वाकून ये,’’ मी म्हणालो. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा आमच्याकडंच तोंड करून पडला होता. ती वाकली. मी तिच्या कानात सांगितलं, ‘‘ताक बी फुंकून पितो. सगळं चिकटून, मधी जागा सोडू नको. आन् फ ला पीएच न्हाई, एफ.’’

नर्सनं आमच्याकडं बघून तोंडाला रुमाल लावला. ही लाजली, मग हसली. ‘‘ह्योच व्हय पासवर्ड? ह्यो तर मी न सांगता वळखला असता,’’ म्हणाली आणि गेली.

तीन तासांनी फोन आला. ‘‘घेईना झालंय.’’

‘‘नीट घाल. फ ला एफ.’’

‘‘एफच घातलाय. तीनदा घातला. चूक हाय म्हणायलंय.’’

‘‘मग तू चुकायलीस. हळू घाल.’’

‘‘मी एकेक अक्षर सांगते, तुमी ऐका. पैलं अक्षर…’’

‘‘फोनवर सांगू नको!’’ मी ओरडलो. शेजारचा म्हातारा जागा झाला. मेव्हण्यानं मान खाली घातली. ‘‘फोनवर कोण ऐकायलंय काय माहीत? तू परत घाल.’’

 मागं आमच्या घरातल्या पंख्याचा खडखड आवाज ऐकू येत होता.

‘‘एक अक्षर खोटं सांगितलाव न्हवं?’’ ती म्हणाली. ‘‘वहीत घालताव तसं.’’

‘‘आईच्यान न्हाई! खरा सांगितलाय तुला.’’

‘‘मरायला टेकलाव तरी खोटं. कामून? मी काय करणार हाय तुमच्या पासवर्डाचं? चौतीस वर्सं झाली तुमच्या घरात. दरोडा घालायला आले न्हवते मी.’’ तिचा आवाज फाटला. पुढचं ती कन्नडमध्ये बोलली. ‘‘साकु, साकु,’’ म्हणाली, पुरे झालं, आणि फोन ठेवला.

मेव्हणा उठला. त्यानं मला पाण्याचे दोन चमचे पाजले. आयुष्यात पहिल्यांदा मी खरं सांगितलं होतं आणि आयुष्यात पहिल्यांदा ते पटवून द्यायला माझ्याकडं काही नव्हतं. वहीतल्या त्या खोट्या अक्षरांनी चोर एकही पकडला नाही. पकडला गेलो तो मी.

संध्याकाळी ती आली. हातात कार्डाची छापील प्रत होती, लाल शाईतलं नाव काळं होऊन आलेलं पण स्पष्ट. तिनं ते डॉक्टरांना दिलं. डॉक्टर वाचून म्हणाले, बरं झालं, हेच देणार होतो. माझ्या अंगावर काटा आला.

‘‘उघडलं कसं?’’ मी तिला विचारलं.

‘‘उघडलं.’’

‘‘पण कसं?’’

‘‘उघडलं न्हवं? झालं तर मग.’’

ऑपरेशन झालं. पाच दिवस तिनं माझं सगळं केलं, तोंड धुण्यापासून कपडे बदलण्यापर्यंत. पण बोलायची तेवढं कामापुरतं. गोळी घ्या. उठू नका. पाणी. आणि मी, जित्याची खोड, पडल्या पडल्या संशय घेत होतो. आधी चूक म्हणणारं ॲप नंतर उघडलं कसं? नक्की त्या दुकानदारानं उघडून दिलं. म्हणजे त्याच्याकडं दुसरी किल्ली आहे. म्हणजे त्या कंपनीचा इशाराबिशारा सगळा बनाव. ही बाथरूमकडं गेलेली बघून मी दुकानदाराला फोन लावला. तू माझ्या घरी गेला होतास का, म्हणून विचारलं.

‘‘मैं कायकू जाता चच्चा?’’ तो म्हणाला. ‘‘अक्का आये थे दुकान पे. पेन ड्राइव्ह लाये, पिरिंट निकाल को ले को गये. रो रहे थे अक्का. आप ठीक हैं ना?’’

ती रडत होती. माझ्या आजारानं रडत होती असं मी त्या वेळी समजून घेतलं. तसं समजणं सोयीचं होतं.

घरी आल्यावर आठवड्यानं मी कॉम्प्युटरसमोर बसलो. ती मागच्या पडवीत तूर निवडत बसली होती. ॲप माझ्या पासवर्डानं उघडलं, काही बदल नव्हता. पण त्यात एक सोय आहे, ज्या नोंदीत शेवटचा फेरफार झाला ती सगळ्यांत वर दिसते. वर हिची मेल होती. तारीख, मी दवाखान्यात होतो त्या दिवसाची.

मी ती नोंद उघडली. खाली माझं वाक्य तसंच होतं. हिला सांगू नये. भोळी आहे, कुणालाही सांगून टाकेल. आणि त्याच्या खाली नवीन ओळ होती, तशीच इंग्रजी अक्षरांतली मराठी: ‘वाचलं. भोळी होते म्हणून इतक्या वेळा मागत होते.’

मी ती दोनदा वाचली. मग स्पेलिंग माझ्या ध्यानात आलं. ‘होते’मधला त टीएच. ‘इतक्या’मधला टीएच. ‘मागत’मधला टीएच. सगळीकडं टीएच! ताकाचा त, पितोचा त. मी फ ची काळजी घेतली होती. ज्या अक्षरावरून आम्ही वीस वर्षं भांडलो, त्या त ची मला आठवणसुद्धा झाली नाही. तिनं तिच्या रीतीनं टीएच घातला, तीन वेळा, आणि ॲपनं तीन वेळा तिला खोटं पाडलं. मग तिलाच आठवलं असणार की हा माणूस त ला टी लिहितो. आणि ती आत गेली. आत गेल्यावर हे वाचलं.

मी उठून पडवीत गेलो. टाके अजून ओढत होते.

‘‘तू टीएच घातली होतीस,’’ मी म्हणालो.

तिनं सुपातनं मान वर केली नाही. ‘‘व्हय.’’

‘‘मी खरा पासवर्ड सांगितला होता तुला.’’

‘‘व्हय. कळलं की मला. त्या बाबतीत माझंच चुकलं. तुमी खोटं सांगितलाव म्हणाले, ती चूक झाली.’’ तिनं एक खडा उचलून बाजूला टाकला. ‘‘आन् मग खालचं वाचलं.’’

 मी उंबऱ्यावर बसलो.

‘‘मेल बघितली का माझी?’’ तिनं विचारलं. ‘‘न्हाई बघितलाव. बघितली असती तर मला बरं वाटलं असतं. निदान कुणीतरी वाचलं म्हणून. करजगीच्या शाळेतली माझी पैली पोरं. नोकरीला लागले ते वर्स. ऑफिसातनं माझा मेल आयडी काढून लिवलंय त्यांनी. ते सगळे शाळेत जमणार होते. अक्कोर, तुमी आल्याशिवाय दिवा लावणार न्हाई म्हणून लिवलंय. तीनदा लिवलंय. फोन नंबर कळवा म्हणून लिवलंय. शेवटच्यात लिवलंय, अक्कोर आमाला विसरल्या का? रागावल्या का? मागच्या वर्साची गोष्ट ही. झाला कार्यक्रम.’’

कन्नड शाळेतली पोरं शिक्षिकेला अक्कोर म्हणतात. निवृत्त झाल्यापासून तिला कुणी त्या नावानं हाक मारलेली मी ऐकली नव्हती.

‘‘मला त्यांचे चेहरे आठवायलेत,’’ ती म्हणाली. आता ती रडत होती, आणि हात तूर निवडतच होता. ‘‘एकाला पाटी नव्हती. मी दिली होती. त्यानंच लिवलंय ते.’’

मला लाज वाटली. नुसती लाज नाही, भीती वाटली. काट्यावर पस्तीस वर्षांत मी एकही पोतं चोरीला जाऊ दिलं नाही असं लोकांना छाती ठोकून सांगतो, आणि माझ्याच घरात, माझ्याच कुलपाखालून, माझ्या बायकोचं एवढं मोठं काही तरी गेलं होतं. चोर कोण, हे विचारायला काटा नको होता. मी तिला म्हणालो, ‘‘चुकलं माझं.’’ चौतीस वर्षांत हे शब्द मी किती वेळा बोललो असेन मला माहीत नाही, पण आठवत एकदाही नाही.

‘‘असू द्या,’’ ती म्हणाली. ‘असू द्या’ म्हणजे माफ केलं असं नाही, एवढं मला कळतं.

‘‘त्यांना उत्तर लिव,’’ मी म्हणालो.

‘‘लिवलं. त्याच दिवशी लिवलं, तुमी तिकडं पडलेले असताना. एका वर्सानं उत्तर. काय वाटलं आसंल त्यांना.’’

मग मला सुचलं ते मी केलं. तिला हाताला धरून आत आणलं, खुर्चीवर बसवलं आणि ॲपमध्ये मुख्य पासवर्ड बदलायची जागा उघडून दिली. म्हणालो, ‘‘नवीन पासवर्ड तू ठेव. तुझ्या मनातला. मला सांगू नको. मला काय उघडायचं झालं तर मी तुला हाक मारीन.’’

तिनं माझ्याकडं बघितलं. ‘‘जमंल?’’

‘‘जमवतो.’’

‘‘तिकडं तोंड करा मग.’’

मी खिडकीकडं तोंड करून उभा राहिलो. बाहेर रस्त्यावरून एक लॉरी गेली. मग तिनं टाइप करायला सुरुवात केली. सावकाश, एका बोटानं, शाळेत फळ्यावर लिहावं तसं एकेक अक्षर. टक. टक. मी बाहेर बघत होतो, मनापासून बघत होतो, समोरच्या घराची कौलं मोजावीत म्हणत होतो. टक. टक. तिनं हात थांबवला. 

‘‘किती झाले?’’ तिनं मागून विचारलं.

माझे कान तापले. खोटं बोलायचं मनात आलं, पण आज नको वाटलं.

‘‘एकवीस,’’ मी म्हणालो.

‘‘बावीस,’’ ती म्हणाली. ‘‘शेवटचं अलगद ठेवलंय.’’